दोन पांढरे खडे

पाटी

साकोलीच्या बाजारगल्लीत गोपीचंद सोनाराच्या दुकानात, काउंटरच्या काचेवर, दोन पाट्या एकमेकींना कोपर मारत उभ्या होत्या. पहिली त्याच्या मुलीनं, गुड्डीनं, नागपूरहून छापून आणलेली:

*लॅबमध्ये तयार झालेले हिरे.*
*खरे हिरे. फक्त खाणीतले नाहीत.*

दुसरी गोपीचंदनं स्वतः लिहिलेली. खोक्याचा पुठ्ठा, जाड मार्कर:

*आमच्या येथे जमिनीतून निघालेले*
*अस्सल हिरेसुद्धा मिळतील.*

‘अस्सल’च्या खाली दोन रेघा.

गिऱ्हाईक दोन्ही वाचायचं, बापाकडे पाहायचं, लेकीकडे पाहायचं, आणि बहुतेक वेळा काळे मणी ओवून घेऊन घरी जायचं. भाताच्या मुलखात हिरा कोण मागतो? गोपीचंदचं वय एकसष्ट. फुंकणी हातात धरून चाळीस वर्षं झाली होती. त्यानं दिलेला डाग, म्हणजे सोन्याला सोन्याचा सांधा, भिंगातूनसुद्धा सापडत नाही असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. पण हिरे त्याच्या हातून गेले ते बोटांवर मोजण्याइतके.

तरी हिऱ्याबद्दल एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. हिरा आगीला भीत नाही. माणिक असो, पाचू असो, डाग देताना तो खडा ओल्या चिंधीत गुंडाळायचा. हिऱ्याला कशाला चिंधी? जगातली सगळ्यात कठीण वस्तू ती. नागझिऱ्याच्या वाघाला कोणी स्वेटर घालतं का?

शनिवार, अकरा वाजून दहा मिनिटं

खडा पांढरा पडला.

त्याच दिवशी, दहा वाजता

“जयभीम, गोपीभाऊ.”

“जयभीम, जयभीम. या, संघपालभाऊ. काय म्हणते वरठी?”

संघपाल वरठीच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला. त्याची मुलगी प्रतिक्षा साकोलीतच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करायची. उद्या रविवारी तिचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, वरठीच्या विहारात. मुलगा सुगत, तुमसरला शाळेत मास्तर. दोघांनी मिळून पंधरा दिवसांपूर्वी गुड्डीच्या ट्रेमधली एक अंगठी पसंत केली होती, लॅबमधल्या हिऱ्याची. बिलावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

“थोडी सैल होऊन रायली,” संघपाल म्हणाला. “बोटातून सरकते. उद्या सगळ्यांसमोर पडली तं पंचाईत.”

“पडली तं कुकरमंधी परत टाका. दोन शिट्ट्या झाल्या का नवीन हिरा तयार.” गोपीचंदचा हा विनोद वर्षभर जुना होता. गुड्डीनं ट्रे मांडला त्या दिवसापासून तो त्या खड्यांना कुकरचे हिरे म्हणायचा. आज गुड्डी भंडाऱ्याला हॉलमार्कसाठी माल घेऊन गेली होती, म्हणून विनोद जरा मोकळेपणानं निघाला.

संघपाल हसला. “मी बावीस वर्सं भट्टीवर आहो, भाऊ. तुमच्या या दुकानाच्या स्लॅबमंधी जी सळी आहे थे जमिनीतून सळी होऊनच निघाली होती का? कारखान्यातली आहे म्हणून खोटी म्हणता का तिले?”

“सळी वेगळी, खडा वेगळा.”

“पोरगी म्हणते, रक्त बी आम्ही लॅबमंधीच तपासतो, मंग थे बी खोटं का?” मग त्याचा आवाज खाली आला. “पण जपून करा. विहीणबाई लय कडक आहे. पार्वताबाई. त्यायले आम्ही पहिलेच सांगतलं, लॅबचा हिरा आहे म्हणून. त्या म्हणे, कशातला बी आणा, पण खोटं नोको. सुगतची आधीची सोयरीक त्यायनं याच्यासाठीच मोडली होती, पोरीचं वय लपवलं म्हणून.”

“दाणाभर कापून सांधतो, तीन वाजता घेऊन जा,” गोपीचंद म्हणाला. “गोपीचंदच्या हातातून काम गेलं म्हणजे पक्कं.”

आच

बांगडी असो की अंगठी, गोपीचंदचा हात बावीस कॅरेटच्या सोन्यावर बसलेला. ही अंगठी अठराची होती. पट्टी कापली, दाणाभर तुकडा काढला, टोकं जुळवली, टाकणखार लावला, डागाचा बारीक कण ठेवला आणि फुंकायला घेतलं. गुड्डीनं गॅसचं नवं यंत्र आणून दिलं होतं, पण त्याची खरी भिस्त तोंडाच्या फुंकणीवर. दिव्याची ज्योत वाकवून नेमकी हवी तिथं नेणं हे त्याच्या गालांना येत होतं.

डाग धावेना. अठराचं सोनं हट्टी. त्यानं गाल भरले, जरा जास्त फुंकलं. आणखी जरा. ज्योत निळी होऊन अंगठीभर पसरली. मग डाग एकदम पाण्यासारखा धावला, आणि सांधा असा बसला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

“वा रे गोपीचंद.”

अंगठी निवू दिली. चिमट्यानं उचलली.

शिजलेल्या भाताचं शीत चार नख्यांत धरून ठेवावं, तसा खडा. नुसती चमक गेली नव्हती, आरपार दिसणंच गेलं होतं.

तुरटीच्या पाण्यात उकळली. ब्रश मारला. रिठ्यात घातली. थुंकी लावून पँटवर घासली, जे कुठल्याही सोनारानं कोणाला सांगू नये. शीत शीतच राहिलं.

आणि पहिली गोष्ट जी त्याच्या मनात आली, ती भीती नव्हती. आनंद होता. *म्हणलं नव्हतं? कुकरचा हिरा! आच लागली आणि गेला.* त्यानं दाराकडे पाहिलं. समोरच्या कापडवाल्याला हाक मारून दाखवावं असंही क्षणभर वाटलं.

मग दुसरी गोष्ट मनात आली. असा पांढरा रंग त्यानं आधी एकदा पाहिला होता. याच बैठकीवर बसून.

त्यानं हाक मारली नाही.

काय सांगायचं: पहिलं

“संघपालभाऊ, बसा. चहा घ्या. मी तुम्हाले पहिलेच बोललो होतो. लॅबचा खडा, आच सहन झाली नाही त्याले. खाणीतला असता तं…”

इथं तो मनातच थांबला. वाक्य चांगलं होतं. कोणीही मानलं असतं. बाजारगल्लीत वर्षभर तो हेच बोलत आला होता आणि आता पुरावाच अंगठीत बसून होता. त्याच्या हाताला बोल लागला नसता. फक्त प्रतिक्षाचा शब्द खोटा पडला असता. पार्वताबाईंनी विचारलं असतं: खरा हिरा म्हणून सांगितलं होतं ना? आणि गुड्डीचा ट्रे संध्याकाळपर्यंत कपाटात गेला असता.

काय सांगायचं: दुसरं

“भाऊ, तुमची बी चूक नाही, माही बी नाही. सुरतवाल्यानंच खराब माल पाठवला. आमच्या गुड्डीले फसवलं…”

इथंही तो थांबला. ‘फसवलं’ हा शब्द त्यानं या बैठकीवरून पूर्वी एकदा उच्चारला होता.

काय सांगायचं: तिसरं

तिसरं जुळवायच्या आत गुड्डी आली. हेल्मेट काउंटरवर ठेवलं, अंगठी पाहिली, भिंग डोळ्याला लावलं. 

“बोरिक लावलं होतं?”

“काय?”

“बोरिक पावडर. स्पिरिटमंधी कालवून खड्यावर थर चढवाचा, मंग आच द्याची. त्या बरणीवर लिहून ठेवलं आहे मी, बाबा. मोठ्या अक्षरात.”

“हिऱ्याले कायले लागते थे?”

“हिरा कायचा असते?”

“हिऱ्याचा.”

“कोळशाचा, बाबा. शुद्ध कोळसा, घट्ट बसलेला. कोळसा उघड्या हवेत तापवला तं काय होते?”

गोपीचंदनं बरणीकडे पाहिलं.

“जळते,” गुड्डीनंच उत्तर दिलं. “वरचं कातडं जळलं याचं. आतून शाबूत आहे. सुरतेले पाठवू, वरचा थर घासून देतील, वजन नखभर कमी होईन. आठ-दहा दिवस.”

“लॅबचा आहे म्हणून जळला.”

“नाही.”

“खाणीतला नसता जळला.”

“खाणीतला बी असाच पांढरा पडते. हिऱ्याच्या कोर्समंधी आमच्या सरांनी एक बारीकसा जाळून दाखवला होता, खाणीतला, सर्टिफिकेटवाला. सगळ्या पोरी ओरडल्या.” तिनं अंगठी खाली ठेवली. “खोटा असता तं जळला नसता, बाबा. काच अशी जळत नाही. अमेरिकन डायमंड असा जळत नाही. हिराच असा जळते. कुठला बी असो.”

गोपीचंद बैठकीवरून उठला. तिजोरीच्या खालच्या कप्प्यात, जुन्या चाव्या आणि तुटके चिमटे यांच्या मागे, खोकल्याच्या गोळ्यांची एक गंजकी डबी होती. ती त्यानं काउंटरवर ठेवली आणि उघडली.

आत कापसावर मसुरीएवढा एक पांढरा खडा.

डबी

पस्तीस वर्षांपूर्वी लाखनीची शकुनबाई नाकातली फुली घेऊन आली होती. नवं लग्न, हातातली हिरवी काकणं अजून पूर्ण उतरली नव्हती. फुलीची दांडी तुटली होती. खडा तिच्या भावानं दिलेला. भाऊ, जागेश्वर, ट्रकवर होता. मध्यप्रदेशातल्या पन्नाकडे माल घेऊन गेला की खाणीवर खोदणाऱ्यांशी गप्पा मारत बसायचा. तिथूनच बहिणीच्या लग्नासाठी त्यानं एक हिरा घेतला होता आणि रुमालाच्या गाठीत बांधून चारशे किलोमीटर आणला होता.

गोपीचंदनं दांडीला डाग दिला. चिंधी गुंडाळली नाही. हिरा आगीला भीत नाही.

खडा पांढरा पडला, आणि सव्वीस वर्षांच्या गोपीचंदनं पूर्ण खात्रीनं, दुकानात बसलेल्या चार माणसांसमोर, सांगितलं, “काच आहे, बाई. हिरा असता तं आगीत झळाळला असता. तुमच्या भावाले पन्नात कोणी फसवलं, नाही तं भावानंच तुम्हाले.”

शकुनबाईनं खड्याकडे पाहिलं. “ठेवा तुमच्याजवळच,” म्हणाली आणि गेली.

नंतर बाजारात कानावर आलं होतं, तिनं त्या वर्षीपासून भावाला ओवाळलं नाही. गोपीचंदला तेव्हा वाटलं होतं, बरोबरच आहे. लबाड भाऊ.

टुंई

गुड्डीकडे पेनाएवढं एक यंत्र होतं. टोक खड्यावर टेकवायचं. हिरा असेल तर वाजतं, नसेल तर गप्प. हिरा खाणीतला की लॅबमधला, हे त्याला कळत नाही. ते कळायला मोठं यंत्र लागतं, कारण दोन्ही हिरेच. गोपीचंद त्याला ‘तुझी टुंई-टुंई’ म्हणायचा आणि हात लावायचा नाही.

तिनं टोक आधी काउंटरच्या काचेवर टेकवलं. गप्प.

अंगठीतल्या पांढऱ्या खड्यावर. टुंई.

मग डबीतल्या.

टुंई.

“पुन्हा,” गोपीचंद म्हणाला.

टुंई.

“सेल कमजोर असन.”

“बाबा.”

पंखा फिरत होता. समोरच्या दुकानात कोणीतरी थान उलगडत होतं. गुड्डीनं विचारलं, खडा कोणाचा, आणि गोपीचंदनं सांगितलं. सगळं सांगितलं. ‘नाही तं भावानंच तुम्हाले’ हेसुद्धा.

तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एकच विचारला.

“काच होती तं पस्तीस वर्सं ठेवली काहून?”

याचं उत्तरही पस्तीस वर्षं चाव्यांच्या मागेच ठेवलेलं होतं.

“तीन वाजता येतील थे लोक,” गुड्डी म्हणाली. “दुकान तुमचं आहे, काय बोलाचं थे तुम्हीच बोला. मी बाजूले उभी आहे.”

तीन वाजता

तिघं आले. संघपाल, प्रतिक्षा आणि त्यांच्यासोबत पार्वताबाई. होणाऱ्या सुनेसाठी पातळ घ्यायचं म्हणून त्या तुमसरहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. ठेंगणी, काटक बाई. पायातल्या चपला बाहेर काढून त्या आत आल्या, दोन्ही पाट्या वाचल्या आणि ‘अस्सल’खालच्या दोन रेघांवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

गोपीचंदनं अंगठी मखमलीच्या तबकावर ठेवली. झाकली नाही.

प्रतिक्षाच्या तोंडून फक्त “अय्यो” निघालं. संघपाल खाली वाकला. पार्वताबाईंनी चष्मा सावरला.

“हे काय होय?” त्यांनी विचारलं. गोपीचंदला नाही, प्रतिक्षाला. “खरा हिरा म्हणत होतीस नं, बाई?”

पोरीचा चेहरा उतरला. तिला उत्तर येत होतं, पण पांढऱ्या खड्यासमोर ते कोण ऐकणार? गोपीचंदला दिसलं की हाच तो क्षण. पहिलं वाक्य अजूनही तोंडाशी तयार होतं. *लॅबचा खडा, आच सहन झाली नाही.* नुसतं सोडून द्यायचं.

“तिले नोको विचारू, बाई,” तो म्हणाला. “मले विचारा. हिरा खराच आहे. हात माहा चुकला.”

आणि मग अडखळला नाही. बोरिकची बरणी दाखवली. अठराचं सोनं, जास्तीची फुंकर, सगळं. हिरा जळतो हे आपल्याला एकसष्टाव्या वर्षी कळलं हेही सांगितलं. गुड्डीनं यंत्र वाजवून दाखवलं. भिंगातून पार्वताबाईंना खड्याच्या कडेवरचा बारीक नंबर वाचायला लावला. नखीच्या आडोशाला तो शाबूत राहिला होता, आणि बिलावर तोच होता.

“म्हणजे बदलला नाही,” पार्वताबाई म्हणाल्या.

“नाही.”

“आणि खाणीतला असता तं?”

गोपीचंदनं डबी पुढं केली. “हा खाणीतला आहे. पन्नाचा. हा बी मीच भाजला. फरक पाहून घ्या.”

पार्वताबाईंनी दोन्ही खडे भिंगाखाली शेजारी शेजारी धरले. भिंग वर, भिंग खाली. “काहीच फरक नाही,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि जरा नाराजीनंच म्हणाल्या, जणू काही तरी निघायला हवं होतं.

“मी शोकेसमंधली दुसरी अंगठी देतो उद्यासाठी,” गोपीचंद म्हणाला. “खाणीतल्या हिऱ्याची. याच्या दसपट किमतीची आहे. घाला, मिरवा, तुमची साफ होऊन आली का परत करा. एक पैसा नोको.”

संघपालला ते बरं वाटलं. त्यानं मुलीकडे पाहिलं. पण पार्वताबाईंनी तबक मागं सरकवलं.

“खाणीतल्याचं कौतुक मले नोको सांगू, सोनारभाऊ. माहा माणूस तीस वर्सं मँगनीजच्या खाणीत होता. त्याचे कपडे धुतले का दगडावरून काळं पाणी जाये. खाणीतून निघालं म्हणजे देवाघरून आलं असं मले नाही वाटत. अन् मशीनमंधून निघालं म्हणजे हलकं, असं बी नाही.” त्या प्रतिक्षाकडे वळल्या. “तुले कोणती घालाची आहे?”

“माहीच,” प्रतिक्षा म्हणाली. इतक्या पटकन, की संघपाल दचकला.

“पांढरी?”

“पांढरीच. लोकं विचारतील तं सांगीन, भाजली म्हणून. त्यात काय?”

पार्वताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणायचं की नाही हे संघपालला घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही.

“तू नोको सांगू,” त्या म्हणाल्या. “ज्यानं भाजली थो सांगन. सोनारभाऊ, उद्या अकरा वाजता वरठीले या. विहारात दोनशे माणूस राहीन. उभे राहून तुम्हीच सांगा.”

गुड्डीनं बापाकडे पाहिलं. गोपीचंदच्या हाताचं नाव साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत होतं. दोनशे माणसांतली निम्मी तरी त्याची गिऱ्हाइकं असणार.

“जेवण आहे ना?” गोपीचंदनं विचारलं.

“वरण-भात, वांग्याची भाजी अन् बुंदी.”

“येतो.”

रविवार

आणि तो गेला, धुतलेला पांढरा सदरा घालून, गुड्डीच्या गाडीच्या मागच्या सीटवर, खिशात खोकल्याच्या गोळ्यांची डबी, आणि विहारात मागच्या रांगेत बसला, वंदना झाली, पंचशील झालं, त्याला पाली कळत नव्हती पण चौथ्या ओळीला पार्वताबाईंनी मान वळवून नेमकं त्याच्याकडे पाहिलं आणि त्या ओळीचा अर्थ, खोटं बोलू नये, त्याला शेजारच्याला विचारावा लागला नाही, मग सुगतनं प्रतिक्षाच्या बोटात अंगठी घातली, अंगठी कुठं सरकली नाही, डाग पक्का होता, पहिल्या रांगेतल्या बायका पुढं झुकल्या, कुजबुज उठली, खडा असा कसा गं, आणि तेवढ्यात गोपीचंद उभा राहिला, कोणी माइक दिला तो त्यानं घेतला नाही, एवढा आवाज त्याचा होताच.

“मी साकोलीचा गोपीचंद सोनार. पोरीच्या बोटात पांढरा खडा दिसून रायला, थो हिरा आहे. लॅबमंधला आहे, चांगला आहे. माह्या हातानं भाजला. खाणीतला असता तं थो बी भाजला असता, तसा एक माह्या खिशात आहे. आठ-दहा दिवसांत साफ होऊन येईन. बस.”

 मग मागून एक म्हातारा बोलला, “मंग आमची मोडाची अंगठी तुमच्याकडं आणाची का नाही, सोनारसेठ?”

“आणा,” गोपीचंद म्हणाला. “आता बोरिक आहे.”

हसण्याची लाट पुढच्या रांगेपर्यंत गेली. प्रतिक्षा हात वर करून खडा दाखवायला लागली आणि बायकांनी तिचा हात एकमेकींकडून घेत तो पाहिला, एखाद्या तान्ह्या मुलासारखा. बुंदी वाढताना पार्वताबाईंनी गोपीचंदच्या पानात स्वतः दुसऱ्यांदा डाव घातला. 

लाखनी

परतताना लाखनीच्या बसस्टँडजवळ गोपीचंदनं गुड्डीच्या खांद्यावर थाप मारली. तिनं गाडी थांबवली.

“आता?”

“आताच. घरी गेलो तं उद्यावर जाईन.”

शकुनबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात उन्हाला धान पसरलेलं, ती पायानं ओढत फिरवत होती. केस पिकले होते. नाकात सोन्याची साधी चमकी. गोपीचंदला तिनं ओळखलं, पण या म्हटलं नाही.

तो धानाच्या कडेला उभा राहिला. वाटेत त्यानं काही जुळवलं नव्हतं. कालपासून एकच वाक्य होतं आणि ते दोन ठिकाणी चालून गेलं होतं.

“शकुनबाई, तुमचा खडा हिराच होता. हात माहा चुकला.”

त्यानं डबी उघडून पुढं धरली. गुड्डीनं यंत्र काढलं, खड्यावर टेकवलं. टुंई. ती सांगायला लागली, पॉलिश कसं होतं, किती दिवस लागतात, कोंदण आपण नवं करून देऊ. शकुनबाई ऐकत नव्हती. तिनं पदराला हात पुसले, खडा चिमटीत उचलला, उन्हात धरला. त्यातून काहीच दिसत नव्हतं.

“जागेश्वर,” ती म्हणाली. एवढंच.

“आहेत ना?” गोपीचंदनं विचारलं. 

“आहे. गोंदियाले. पोरगा ट्रक चालवते आता, थो घरीच राहते.” तिनं खडा मुठीत घेतला. “एकदा आला होता इथंच, या अंगणात. शपथा घेत होता. मी दार लावलं.”

 कोंबडी धानावर आली, गुड्डीनं तिला हाकललं.

“साफ करून आणून देतो,” गोपीचंद म्हणाला. “नव्यासारखा. पैसे नाही घेणार.”

“साफ कराचं मंग पाहू.” शकुनबाई घरात गेली. आत कोणाला तरी नंबर विचारल्याचा आवाज आला, नातीला असावं. भावाचा नंबर तिच्याजवळ नव्हता. ती फोन घेऊनच बाहेर आली. पलीकडे रिंग वाजत होती. तिनं फोन कानाला लावला नाही. गोपीचंदच्या हातात दिला.

“घ्या. तुम्हीच सांगा.”

गुड्डी बापाकडे पाहत होती. गोपीचंदनं फोन उजव्या हातात घेतला, ज्या हातानं चाळीस वर्षं फुंकणी धरली होती. 

पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. “हॅलो? कोण?”

“मी साकोलीचा गोपीचंद सोनार बोलून रायलो,” तो म्हणाला. “जागेश्वरभाऊ, बसून आहा का? बसा. तुमचा हिरा खरा होता.”